साथीच्या आरंभीं माणूस सावध केव्हां होतो?

सन २०२२ च्या ऑगस्ट महिन्यांत जळगांव जिल्ह्यांतील रावेर तालुक्यांत गुरांच्या अंगावर गाठी उठत असल्याची वर्दी लागली, आणि पुढील दोन-तीन महिन्यांत लंपी त्वचारोग महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांत पसरला. हा रोग आकाशांतून एकाएकीं कोसळला असें नव्हे. आफ्रिकेंतील हल्लींच्या झांबिया देशांत त्याची प्रथम नोंद १९२९ सालीं झाली. २०१९ सालीं तो ओडिशांत दिसला, २०२० सालीं आपल्या गडचिरोली जिल्ह्यांत येऊन गेला, आणि २०२२ च्या पावसाळ्यांत गुजरात व राजस्थान येथें गायी मरून पडत असल्याच्या बातम्या रोज वाचावयास मिळत होत्या. शेळ्यांच्या देवीची लस या रोगावर उपयोगीं पडते हेंही ठाऊक झालें होतें. तरीसुद्धां सरसकट टोचणीची खरी धांवपळ सुरू झाली ती सप्टेंबरांत, म्हणजे रोग गोठ्यांत शिरल्यावर. त्या वर्षीं साऱ्या देशांत दीड लाखांहून अधिक गुरें या रोगानें दगावलीं.

येथें कोणास दोष देण्याचा हेतु नाहीं. प्रश्न निराळा आहे, आणि तो प्रत्येक साथींत पुनः पुनः उभा राहतो. रोग दूर असतांना, किंवा नुकताच वेशींत आला असतांना, कांहीं माणसें व कांहीं गांवें वेळीं सावध होतात आणि कांहीं होत नाहींत, याचें कारण काय? “लोक अडाणी आहेत” हें उत्तर सोपें आहे, परंतु तें खरें नाहीं. जो शेतकरी मृगाच्या आधीं बियाणें पारखून ठेवितो, त्याला दूरदृष्टि नाहीं असें कोण म्हणेल? सबब या प्रश्नाचा थोडा खोलांत विचार करणें अवश्य आहे.

आरंभींच्या दिवसांचें मोल

प्रथम लवकर सावध होण्याचा एवढा आग्रह कां, तें पाहूं. लंपीचें विष शरीरांत शिरल्यापासून खूण दिसेपर्यंत साधारणपणें चार ते चौदा दिवस जातात. नंतर ताप भरतो, डोळ्यांतून व नाकांतून पाणी गळतें, दूध उतरतें, आणि मग अंगावर दोन ते पांच सेंटिमीटर रुंदीच्या गाठी येतात. चावऱ्या माश्या, डांस व गोचीड हे या रोगाचे मुख्य वाहक होत. उलटपक्षीं लस टोचल्यावर तिचें पूर्ण बळ अंगांत येण्यास सुमारें तीन आठवडे लागतात. शेजाऱ्याच्या गाईला गाठी दिसल्यावर आपण लस टोचून घेतली, तर मधले तीन आठवडे आपली गाय अर्धवट उघडीच राहते. तहान लागल्यावर विहीर खणणें तें हेंच.

एक साधा हिशेब मांडून पाहा. समजा, एक रोगी जनावर दहा दिवसांत दुसऱ्या दोन जनावरांस रोग देतें. पहिल्या दिवशीं एक, दहाव्या दिवशीं दोन नवीं, विसाव्या दिवशीं चार, तिसाव्या दिवशीं आठ आणि चाळिसाव्या दिवशीं सोळा. दहाव्या दिवशीं पक्का बंदोबस्त झाला तर तीन जनावरांवर भागतें. चाळिसाव्या दिवशीं झाला तर एकतीस जनावरें आजारी पडून चुकलेलीं असतात. उपाय दोन्ही वेळां एकच, खर्च व कष्ट तेच. भेद केवळ तीस दिवसांचा आहे. या रोगांत शंभर आजारी जनावरांपैकीं बहुधा एक ते पांचच मरतात हें खरें. परंतु उरलेल्यांचें दूध आटतें, गाभण गायी गाभडतात, आणि ऐन कामाच्या दिवसांत बैल बसून राहतो. हें नुकसान मेलेल्या जनावरांच्या आंकड्यांत दिसत नाहीं, पण घरच्या हिशेबांत दिसल्यावांचून राहत नाहीं.

भीति एकटी पुरत नाहीं

मनुष्य भ्याला म्हणजे सावध होतो, असा सामान्य समज आहे. त्यांत तथ्य आहे, पण अर्धेंच. सन २००९ च्या मे महिन्यांत हैदराबाद येथें स्वाइन फ्लूचा आपल्या देशांतील पहिला रोगी आढळला. त्यावर जवळजवळ तीन महिने लोटले तरी सामान्य माणसाच्या वागणुकींत फारसा फरक पडला नाहीं. ३ ऑगस्ट रोजीं पुण्यांत एका शाळकरी मुलीचा या रोगानें मृत्यु झाला, तो देशांतील पहिला मृत्यु होता. आणि मग पुण्यांत तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय मनुष्य दिसेनासा झाला. शाळा व नाट्यगृहें बंद ठेवावीं लागलीं. म्हणजे दूरच्या बातमीनें जें झालें नाहीं तें जवळच्या एका मृत्यूनें केलें. परंतु मृत्यु पाहून जागें होणें याचा अर्थच उशिरा जागें होणें असा आहे.

याच गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेंत झालेला आहे. तेथें क्षयरोग लवकर ओळखतां यावा म्हणून छातीचें क्ष-किरण चित्र काढण्याची सोय लोकांच्या दाराशीं नेली, तरी पुष्कळ लोक येईनात. तेथील सरकारी आरोग्यखात्यांतील मानसशास्त्रज्ञ गॉडफ्रे हॉकबॉम यांनीं १९५२ सालीं तीन शहरांतील बाराशेंहून अधिक प्रौढ माणसांस याबाबत प्रश्न विचारले. “हा रोग मलाही होऊं शकतो” आणि “तो लवकर कळला तर माझा फायदा आहे” या दोन्ही गोष्टी ज्यांना मनापासून पटल्या होत्या, त्यांच्यापैकीं शेंकडा ८२ लोकांनीं आपण होऊन चित्र काढून घेतलें होतें. ज्यांना दोहोंपैकीं एकही पटली नव्हती, त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा २१ इतकेंच होतें. पुढें या विषयाच्या अभ्यासकांनीं यांत आणखी दोन बाबी जोडल्या: उपाय करण्यांत काय अडचण व काय झीज सोसावी लागते, ही एक, आणि मनुष्यास कृतीला लावणारी एखादी प्रत्यक्ष खूण, ही दुसरी.

सारांश असा कीं, निवळ भयानें माणूस एक तर हातपाय गाळतो किंवा डोळे झांकून घेतो. भयाच्या जोडीला हातांत कांहीं खात्रीचा उपाय असेल, आणि त्या उपायाची किंमत आपल्या आवांक्यांतली असेल, तरच तो उठून कामाला लागतो.

उंदीर पडले म्हणजे

हें तत्त्व समजण्यासाठीं परदेशीं जाण्याचेंही कारण नाहीं. आपल्याकडील प्लेगचा इतिहास त्याची उत्तम साक्ष देतो. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईस प्लेग उघडकीस आला व लवकरच तो पुण्यास पोंचला. फेब्रुवारी १८९७ मध्यें साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यांत रँड यांच्या देखरेखीखालीं गोऱ्या शिपायांनीं घरोघर शिरून तपासणी आरंभिली. रोग्यास इस्पितळांत, त्याच्या घरच्यांस वेगळ्या छावणींत आणि सामानसुमानास अग्नींत अशी वांटणी झाली. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवूं लागले, प्रेतांची चोरून विल्हेवाट लावूं लागले. लोकांचा संताप इतका वाढला कीं २२ जून १८९७ रोजीं रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. उपायांचा हेतु रोग आटोक्यांत आणण्याचा होता. परंतु ज्या वर्दीवर सारें अवलंबून, ती वर्दीच त्या जुलमानें बंद पाडली.

आतां याच्या शेजारीं दुसरें चित्र ठेवा. पुढील वर्षांत दक्षिणेंतील कित्येक खेड्यांनीं प्लेगवर एक उपाय स्वतःच उचलला. घरांत उंदीर मरून पडूं लागले कीं गांव सोडावयाचा आणि माळावर किंवा आपआपल्या शेतांत झोपड्या घालून राहावयाचें. यामागचें शास्त्र त्या वेळीं पुरतें उलगडलेलें नव्हतें. मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसवा माणसाला चावून रोग देतात, हें सिमाँ या फ्रेंच वैद्यानें १८९८ सालीं दाखविलें, आणि १९०५ पासून पुढें झालेल्या प्लेग कमिशनच्या प्रयोगांनीं तें पक्कें ठरलें. परंतु उंदीर आधीं पडतात आणि माणसें मागाहून पडतात, एवढें खेडुतांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें, आणि तेवढें त्यांस पुरेसें झालें.

हा उपाय लोकांनीं कां उचलला, याचा विचार केला तर चार गोष्टी हातीं लागतात. खूण सर्वांस दिसणारी होती. तिला कागद किंवा हुद्देदार लागत नव्हता. ती खूण मृत्यूच्या आधीं येत होती. उपाय स्वतःच्या हातांतला होता. शेत आपलें, कुडाच्या काठ्या आपल्या. आणि गांवच्या गांव एकदम उठत असल्यामुळें “मी एकटाच कां?” हा प्रश्न उरत नव्हता. या चारांपैकीं शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलें जातें.

पहिली वर्दी देणाराचें नुकसान

गुरांच्या रोगांत खरी अडचण येथेंच आहे. समजा, एखाद्या शेतकऱ्याच्या गाईला ताप भरला व मानेवर दोन गाठी आल्या. त्यानें त्याच दिवशीं वर्दी दिली तर साऱ्या गांवाचा फायदा होतो. पण त्याचा स्वतःचा काय? त्याचें दूध घेण्यास लोक कचरतात. हा रोग माणसाला होत नाहीं व दूध उकळून पिण्यास हरकत नाहीं, असें कितीही सांगितलें तरी अफवेचे पाय लांब असतात. त्याचें जनावर बाजारांत नेतां येत नाहीं. शेजारी त्याच्याकडे वांकड्या नजरेनें पाहतात. उलट त्यानें आठ दिवस गप्प बसून, गांवठी औषध लावून वाट पाहिली, तर कदाचित् गाय बरी होईल आणि कोणास कळणारही नाहीं. लाभ साऱ्या गांवाचा आणि तोटा एकट्याचा, असा हा व्यवहार आहे. अशा व्यवहारांत मनुष्य कचरला तर त्याला स्वार्थी म्हणण्यापूर्वीं आपण त्याच्या जागीं काय केलें असतें, हें प्रत्येकानें स्वतःला विचारावें. २००९ च्या कायद्यानें गुरांच्या सांसर्गिक रोगाची वर्दी देणें मालकावर बंधनकारक केलेलें आहे. पण बंद गोठ्याच्या आंत कायद्याचे डोळे पोंचत नाहींत.

या अडचणीवर इंग्लंडांत फार पूर्वीं उपाय शोधला गेला होता. १७१४ सालीं लंडनभोंवतालच्या गवळ्यांच्या गोठ्यांत बुळकांडी शिरली. त्या वेळीं टॉमस बेट्स नांवाच्या शस्त्रवैद्यानें असा सल्ला दिला कीं, रोगी गाय दिसतांच ती विकत घेऊन मारावी, गोठा धुवून कांहीं काळ रिकामा ठेवावा, आणि मालकास दर गाईमागें चाळीस शिलिंग द्यावे. ही रक्कम देण्यांत दयेबरोबर हिशेबही होता. पैसे मिळाल्यावर मालक रोग लपविणार नाहीं, अशी ती योजना होती. हजारों गुरें गेलीं खरीं, तथापि त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत साथ विझली.

हा धडा पुढच्या पिढ्या विसरल्या. १८६५ सालीं बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर बुळकांडी पुनः इंग्लंडांत आली, तेव्हां सरकारनें आरंभीं तपासनिसांस रोगी गुरें मारण्याचा अधिकार दिला, पण भरपाई ठेविली नाहीं. लोकांनीं रोगी गुरें लपविलीं, किंवा घाईघाईनें बाजारांत नेऊन विकलीं, आणि रोग देशभर पसरला. फेब्रुवारी १८६६ मध्यें नवा कायदा होऊन गुरांच्या हालचालीस बंदी, रोगी गुरें मारण्याची सक्ति आणि त्याबरोबर भरपाई अशी त्रिसूत्री अमलांत आली, तेव्हां कोठें रोग हटला व १८६७ सालीं त्याचा नायनाट झाला.

परंतु आपणां सभासदांस याहून अधिक बोधप्रद गोष्ट स्कॉटलंडांतील ॲबर्डीन परगण्याची आहे. तेथील शेतकरी सरकारी कायद्याची वाट पाहत बसले नाहींत. गुरांचे नामांकित पैदासकार विल्यम मॅकॉम्बी हे त्यांतील एक पुढारी होते. जमीनमालक व कुळें यांनीं मिळून मंडळ स्थापिलें, आपआपल्या खंडाच्या मानानें स्वखुषीनें वर्गणी भरली, आणि रोग दिसेल तेथील गुरें मारून मालकास त्या निधींतून भरपाई दिली. परगण्यांत रोग कांहीं ठिकाणीं शिरला, पण तेथल्या तेथें दाबला गेला. शेजारच्या मुलखांत जी दैना उडाली ती या परगण्यानें पाहिली नाहीं. येथें लोक वेळीं सावध झाले, कारण पहिली वर्दी देणाऱ्याचा तोटा साऱ्यांनीं वांटून घेतला.

आपण काय करावें

लंपीमध्यें जनावर मारण्याचें कारण नाहीं. बहुतेक जनावरें शुश्रूषेनें बरीं होतात. २०२२ सालीं रोगानें मेलेल्या जनावरांबद्दल राज्यांत गाईमागें ३०,००० रुपये, बैलामागें २५,००० रुपये व वासरामागें १६,००० रुपये साहाय्य देण्यांत आलें, ही गोष्ट चांगलीच झाली. पण हें साहाय्य मरणाबद्दल होतें. वेळेवर दिलेल्या वर्दीबद्दल नव्हतें. ज्याचें जनावर वांचलें, त्याच्या बुडालेल्या दुधाचा व खोळंबलेल्या कामाचा भार त्याच्या एकट्याच्याच डोक्यावर राहिला. ही उणीव गांवानें व गांवच्या संस्थेनें भरून काढावी. त्या दृष्टीनें पुढील सूचना विचारार्थ मांडल्या आहेत.

१. आपला “उंदीर” कोणता, तें ठरवावें. गाठी ही उशिराची खूण आहे. ताप आणि दुधाची एकाएकीं घट ही आधींची. गांवच्या दूध संस्थेच्या वहींत प्रत्येक सभासदाचें दूध रोजच्या रोज मांडलेलें असतें. एखाद्याचें दूध दोन दिवसांत निम्म्यावर आलें तर चिटणिसानें त्याच दिवशीं आपुलकीनें चौकशी करावी. दूध घटण्यास दुसरीं पुष्कळ कारणें असतात. पण पाहून येण्यास पैसा लागत नाहीं.

२. टोचणीचा दिवस गांवानें एकत्र ठरवावा. पावसाळ्यांत माश्या व डांस माजतात, म्हणून पावसाच्या निदान महिनाभर आधीं, चैत्र-वैशाखांत, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास बोलावून वस्तीवार टोचणी उरकावी. ज्याचा शब्द गांवांत मानला जातो, त्याचीं जनावरें सर्वांसमक्ष प्रथम टोचावीं. शंभर व्याख्यानांनीं होत नाहीं तें काम या एका दृश्यानें होतें.

३. लशीविषयीं सत्य सांगावें. टोचल्या जागीं सूज, थोडा ताप, दोन-चार दिवस दुधांत किंचित् घट हे प्रकार कांहीं जनावरांत होतात. ते आधीं सांगितले तर मालक घाबरत नाहीं; लपविले तर पुढच्या वर्षीं तो जनावर टोचूं देत नाहीं.

४. बाजारांतून किंवा पाहुण्याकडून आणलेलें जनावर अठ्ठावीस दिवस वेगळें बांधावें. गोठ्यांत पाणी तुंबूं देऊं नये, शेणाचा खड्डा दूर असावा, आणि गोचिडांचा बंदोबस्त डॉक्टरांच्या सल्ल्यानें करावा.

५. “पहिल्या वर्दीचा निधि” उभारावा. समजा, गांवांत पांचशें गुरें आहेत व दर गुरामागें वर्षास चाळीस रुपये वर्गणी आहे, तर वीस हजार रुपये जमतात. आठ लिटर दूध देणाऱ्या गाईचें दूध पस्तीस रुपये दरानें अठ्ठावीस दिवस विकतां आलें नाहीं असें धरलें, तर नुकसान ७,८४० रुपये होतें. म्हणजे पहिल्या दोन गोठ्यांचा तोटा गांवाला सहज उचलतां येतो, आणि साथ तेथेंच थांबली तर तिसऱ्याची पाळीच येत नाहीं. नियम मात्र कडक असावा: खूण दिसल्यापासून एका दिवसाच्या आंत जो वर्दी देईल त्यालाच पैसे, लपविणाऱ्यास नाहीं.

६. वर्दी देणाऱ्याचा मान राखावा. त्याच्या गोठ्यास वाळीत टाकूं नये. पोळ्याला त्याचे बैल मिरवणुकींत येऊं शकले नाहींत, तर चार मंडळींनीं त्याच्या दारीं जाऊन विचारपूस करावी. मात्र परत येतांना हातपाय धुवूनच आपल्या गोठ्यांत शिरावें. त्यानें गांवावर संकट आणलेलें नाहीं, तें ओळखून दिलें आहे.

बुळकांडीनें आपल्या आजे-पणजांचे गोठेच्या गोठे रिकामे केले. आपल्या देशांत १९५४ पासून तिच्याविरुद्ध नेटानें टोचणी सुरू झाली, आणि २०११ सालीं ती साऱ्या जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. अर्थात् रोग अजिंक्य नसतात. परंतु पुढचा रोग कोणता व कोणत्या वाटेनें येईल, हें कोणी सांगूं शकत नाहीं. तो येईल त्या दिवशीं कोणा एका सभासदाच्या गोठ्यांत पहिलें जनावर मान टाकून उभें असेल, आणि तो मालक दाराशीं उभा राहून विचार करीत असेल कीं सांगावें कीं लपवावें. त्या घटकेस त्यानें काय ठरवावें, हें बव्हंशीं आपण आज काय ठरवितों त्यावर अवलंबून आहे. “सांगितलें तर गांव माझ्या पाठीशीं उभा राहील” असा भरंवसा त्याला असेल, तर तो सांगेल. तो भरंवसा साथीच्या दिवसांत निर्माण होत नाहीं. तो आधींच, सुखाच्या दिवसांत, चार पैसे व चार शब्द खर्चून निर्माण करून ठेवावा लागतो. येत्या ग्रामसभेंत किंवा संस्थेच्या वार्षिक बैठकींत हा विषय मांडण्याची सभासदांस आग्रहाची विनंति आहे.